मॉडेल विमानाचं नवीन ग्लो इंजिन आहे, मुंबईच्या पावसाळ्यात पंखा कितीही फिरवला तरी सुरू होत नाही. काय तपासू?

सगळ्यात आधी ग्लो प्लग काढून बाहेरच पेटवून बघा. नव्या इंजिनात घोळ बहुधा प्लग, त्याची बॅटरी किंवा इंधनात असतो. दीड व्होल्टला जोडल्यावर प्लगमधली तार झगझगीत केशरी दिसली पाहिजे. मंद लाल दिसली तर बॅटरी उतरली आहे. या इंजिनाला स्पार्क नसतो, तापलेली प्लॅटिनमची तार आणि मिथेनॉल यांच्यावरच सगळा खेळ, त्यामुळे इथे थोडीही कसर चालत नाही.

तार ठीक असेल तर:
- पंखा मध्येच अडतोय? आत इंधन तुंबलंय. जोर लावू नका. प्लग काढा, इंजिन उलटं धरा आणि पंखा फिरवून ते बाहेर काढा. डोळे सांभाळा, चांगलं उडतं.
- आत कोरडं आहे? सुई (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) माहितीपत्रकात दिल्याइतकी उघडा, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट दाबून पंख्याला एकदोन फेरे द्या. प्लगची बॅटरी मात्र तेव्हा काढलेली हवी.
- इंधन जुनं आहे? मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जुलैत ओलाव्याला तोटा नाही. सीलबंद नवा डबा घ्या.

फक्त एबीसी प्रकारचं (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोमचा मुलामा दिलेला पितळी सिलिंडर) इंजिन नवं असताना पिस्टन वर पोचला की घट्ट लागतंच. तो बिघाड समजू नका.