लाल डोळे नेमके कुठल्या जीनमुळे?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे. मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या माशीवरून घरात वाद झाला. 'व्हाइट' जीनमुळे डोळे पांढरे होतात म्हणे, मग लाल कुठला जीन करतो? आणि नॉर्मल माशीचे डोळे लाल असताना त्या जीनला व्हाइट का म्हणायचं? मी कॉमर्सवाली, मला काही सांगता येईना.
– एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, मुलीने फार छान विचारलंय, बरेच जण हे न विचारताच पास होतात.

तुमच्या सोसायटीत दोन विंग आहेत असं धरा, दोन्हीकडे सेम लिफ्ट. ए विंगची चालू, बी विंगची बंद, कारण तिचं दार नीट लागत नाहीये. म्हणजे फरक दारामुळे पडला, पण म्हणून दार लिफ्ट वर नेतं असं कोणी म्हणेल का? मोटर, दोर, वीज, सगळं लागतं, फक्त ते दोन्हीकडे सारखंच आहे म्हणून त्याचं नाव निघत नाही.

मॉर्गनचंही असंच. १९१० मध्ये न्यूयॉर्कला त्याला लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये (पिकलेल्या केळ्यांवर फिरतात ना, तीच चिलटं) एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला. लाल मादीशी जोडी लावली, दुसऱ्या पिढीत ३,४७० लाल आणि ७८२ पांढऱ्या निघाल्या, आणि पांढऱ्या सगळ्या नर! यावरून हा फरक एक्स क्रोमोसोमबरोबर (मादीत हे गुणसूत्र दोन असतात, नरात एकच) पुढे जातो एवढं त्याने पक्कं केलं. डोळ्यात रंग कसा तयार होतो हे तेव्हा माहीतच नव्हतं आणि या हिशोबाला ते लागलंही नाही, मला तर यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

लाल रंगाला एकटा असा जीन नाही. त्या लालमध्ये दोन रंगद्रव्यं असतात, एक तपकिरी एक लाल. 'व्हर्मिलियन' जीन बिघडला की तपकिरी बनत नाही, डोळे भडक लाल दिसतात. 'ब्राउन' बिघडला की उलटं, लाल जातं आणि डोळे तपकिरी. 'व्हाइट'चं काम दोन्हींचा कच्चा माल पेशीत आत आणायचं, म्हणून तो बिघडला की दोन्ही रंग गायब. नावं बिघाडावरून पडली, कारण बिघडल्याशिवाय तो जीन तिथे आहे हे कळायचा मार्गच नव्हता.

परीक्षेत तिने 'या जीनमधल्या फरकामुळे डोळ्यांच्या रंगात फरक पडतो' असं लिहावं. आणि वर 'बाकी जीन आणि वाढण्याची परिस्थिती सारखी असताना' हे विसरू नये.