'ए' सर्टिफिकेटला बसण्याआधी
परीक्षेची घाई करू नकोस, पण ती टाळूही नकोस. बीएमएफए ही रिमोटने मॉडेल विमानं उडवणाऱ्यांची ब्रिटनमधली संघटना; तिच्या 'ए' परीक्षेत कसरती नसतात. टेकऑफ, आठचा आकडा, चौकोनी सर्किट, लँडिंग, एवढंच. अवघड असतो तो नेमकेपणा. आठच्या आकड्याची दोन्ही वर्तुळं सारख्याच उंचीवर आणि मधला छेद बरोबर तुझ्यासमोर यायला हवा. वळताना नाक खाली जातं, म्हणून एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची) स्टिक किंचित मागे धर.

खरा कस लागतो तो इंजिन बंद पडलंय असं समजून उतरताना. साधारण 200 फुटांवर थ्रॉटल आयडलला (इंजिन अगदी मंद चालेल इतका खाली) आणायचा आणि तसंच विमान खाली उतरवायचं. इथे नवखे हमखास नाक वर खेचतात, मग वेग मरतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली कोसळतं. नाक खाली ठेव, वेग जप. आणि काहीही झालं तरी माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नकोस, हे मी हात जोडून सांगतो.

सुरक्षेचे किमान 5 प्रश्नही विचारतात. ते घोकू नकोस, समजून घे. इलेक्ट्रिक मॉडेल असेल तर प्रोपेलर काढ, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद कर आणि फेलसेफने, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप चालणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेने, मोटर थांबते का ते स्वतः बघ.