सीझन, वर्गणी आणि क्लॅरोनेट: सिंफनीवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात ऐकलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्राबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की एवढी सगळी माणसं एकत्र वाजवतात, एकही माइक नसतो आणि तरी शेवटच्या रांगेत बासरी स्पष्ट ऐकू येते. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही पत्रं लांब होती म्हणून थोडी कापलीत.

ताई, आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत हिंदी गाणी म्हणणारा. हे सिंफनी प्रकरण वेगळं काय असतं? आणि तुम्ही 'सीझन' 'सीझन' लिहिलंय तो कसला? — निवृत्त शिक्षक, अमळनेर

सर, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गाणारा पुढे आणि वाद्यं त्याच्या मागे असतात. सिंफनीत बहुतेक वेळा गाणारा नसतोच, पुढे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, त्यांच्या मागे बासरी-ओबो-क्लॅरिनेट, त्यामागे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आणि एकदम शेवटी मोठे ढोल, आणि समोर उभा कंडक्टर जो स्वतः एकही सूर वाजवत नाही पण त्याच्या हाताकडे बघून सगळे श्वास घेतात. सुरू होण्याआधी एक ओबोवाला एकच सूर लावून धरतो आणि बाकी सगळे त्याला आपलं वाद्य मिळवतात, आपल्याकडे मैफिलीआधी तानपुरे जुळवतात ना, तसंच, मला तर तो एक मिनिटच सगळ्यात जास्त आवडतो.

सीझन म्हणजे, बॅण्डवाल्यांची लग्नसराई असते तसं समजा. युरोप-अमेरिकेत साधारण सप्टेंबरला सुरू होतो तो जूनपर्यंत, कुठल्या आठवड्यात काय वाजणार, कोण कंडक्टर, हे महिनोन्महिने आधी छापून येतं आणि रसिक पूर्ण सीझनची तिकिटं एकदम घेऊन ठेवतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ पासून आहे, त्यांच्या सीझनच्या तिकिटांसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून थांबतात. आपल्याकडे एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह या दोघांनी उभा केला, त्याचे वर्षाला दोन छोटे सीझन असतात, एक साधारण फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरच्या. म्हणजे एक तुमच्या परीक्षांच्या आधी आणि एक कापूस वेचणीच्या आधी, बघा जमतंय का.

तिकिटं महाग, हॉल फुल्ल, तरी हे लोक देणग्या मागतात. माझी जिनिंग आहे, आमच्या धंद्यात माल विकला जातो तर पैसा सुटतोच. यांचं नेमकं चुकतं कुठे? — व्यापारी, जळगाव

भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण उत्तर तुमच्या जिनिंगमध्येच आहे. पूर्वी सरकीपासून रुई वेगळी करायला किती हात लागायचे आणि आज तुमच्याकडे तेवढ्याच मालाला किती माणसं लागतात ते तुम्हीच सांगा. मशीन आलं, माणसामागे काम वाढलं, म्हणून पगार वाढवूनही धंदा परवडतो. आता बेथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या, ती २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिला अर्ध्या तासाच्या थोडं वर लागत होतं आणि आजही तेवढंच लागतं, माणसंही काही कमी करता येत नाहीत, चार व्हायोलिनवाले काढून टाका आणि बाकीच्यांना दुप्पट जोरात वाजवायला सांगा असं चालत नाही ना. पण त्या व्हायोलिनवाल्याचं घरभाडं, मुलांची फी, किराणा हे सगळं २०० वर्षांत कुठल्या कुठे गेलं. बोमॉल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नेमकं हेच मांडलं, की अशा कलेचा खर्च वाढतच जाणार आणि तिकीट त्याच्यामागे कधीच पुरं पडणार नाही. तिकीट खर्चाएवढं वाढवलं तर मास्तर, नर्स, विद्यार्थी कोणी येणारच नाही. म्हणजे चुकत कोणाचंच नाही भाऊ, हे कामच असं आहे.

आणि हा फरक भरून काढणारे कोण होते बघा. जर्मनीत लाइपझिग म्हणून व्यापारी गाव आहे, तिथे १७४३ मध्ये १६ जणांनी, काही सरदार काही व्यापारी, पैसे घालून १६ वादकांचा संच उभा केला. १७८१ पासून त्यांच्या मैफिली कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतल्या हॉलमध्ये व्हायला लागल्या, त्या इमारतीचं नाव गेवान्डहाउस, म्हणजे सरळ सरळ कापडघर, आणि आजही तो ऑर्केस्ट्रा तेच नाव लावतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांपैकी एकाच्या नावात कापड बाजार आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली प्रताप मिल आणि खान्देश मिल आठवली.

बोस्टनची गोष्ट अजून वेगळी. हेन्री ली हिगिन्सन नावाचा माणूस तरुणपणी व्हिएन्नाला पियानो शिकायला गेला, हात दुखावला आणि वादक व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. परत येऊन बँकेच्या धंद्यात पडला आणि पैसे जमल्यावर १८८१ मध्ये बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९१८ पर्यंत दरवर्षी जी तूट येईल ती स्वतःच्या खिशातून भरली, आणि स्वस्तातली २५ सेंटची तिकिटं मात्र राखून ठेवली. ३७ वर्षं भाऊ! एखाद्या वर्षी दणक्यात कार्यक्रम करून बॅनरवर फोटो लावणं सोपं आहे, पण ३७ वर्षं मार्चअखेरीला हिशोब बघून गुपचूप चेक फाडणं याला छाती लागते.

मुंबईतही हेच. एनसीपीए १९६९ मध्ये जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांनी सुरू केली. भाभांनी आपल्या मागे मलबार हिलवरचा मेहरांगीर बंगला, जिथे त्यांचे भाऊ होमी भाभा राहायचे, तो संस्थेला ठेवला आणि २०१४ मध्ये त्याच्या लिलावाचे ३७२ कोटी आले. घर स्मारक म्हणून राहायला हवं होतं असं त्या वेळी बऱ्याच जणांना वाटलं, मलाही वाईट वाटलं होतं. पण एनसीपीएच्या हॉलमध्ये बसून शंभरेक फुटांवर माइकशिवाय वाजणारं चेलो ऐकताना मला हेही कळलं की असल्या आधाराशिवाय ही गोष्ट एक वर्षसुद्धा उभी राहणार नाही.

वादकांचा विचार नाही केला तर काय होतं तेही सांगते. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये बिल्झे नावाच्या मालकाच्या वाद्यवृंदातले ५० च्या वर वादक बाहेर पडले, कारण वॉर्सोच्या कार्यक्रमाला त्यांना चौथ्या वर्गाच्या रेल्वे डब्यातून न्यायचं ठरलं होतं. त्या बाहेर पडलेल्यांनी जो ऑर्केस्ट्रा काढला तो म्हणजे बर्लिन फिलहार्मोनिक.

माझे वडील लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरोनेट वाजवतात, मी पण शिकतोय. मुंबईतलं क्लॅरिनेट आणि आमचं एकच का? तिथे आमच्यासारख्याला कोणी बसू देईल का? — १९ वर्षांचा वाचक, पारोळा तालुका

दादा, वाद्य तेच रे. तुमच्याकडचं बहुतेक बी-फ्लॅट पट्टीचं असेल, ऑर्केस्ट्रातला वादक सोबत ए पट्टीचं दुसरं पण ठेवतो आणि तुकड्याप्रमाणे बदलतो, एवढाच मोठा फरक. तुमच्या बॅण्डमधलं युफोनियम आणि सॅक्सोफोन मात्र सिंफनीत नेहमी दिसणार नाही, कारण लग्नाचा बॅण्ड हा मूळचा लष्करी बॅण्डच्या घरातला आहे, तिथून ती वाद्यं आपल्याकडे आली.

तुझं पत्र वाचून मला एरंडोलला मामेबहिणीच्या लग्नात पाहिलेले एक काका आठवले. वरात निघायला वेळ होता, ते ओट्यावर बसून क्लॅरोनेटची रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाला लावतात ती वेताची पातळ पट्टी, तोंडात ओली करत होते, मग ती उजेडाला धरून बघितली, टोकाला केसाएवढी चीर होती, त्यांनी ती नखाने चाचपली आणि तीच परत लावली, कारण दुसरी नव्हती. आणि त्या चिरलेल्या रीडवर त्यांनी भर मेमधल्या उन्हात तीन तास वाजवलं. मुंबईत मी मुद्दाम क्लॅरिनेटवाल्याकडे बघत बसले होते, त्यानेही वाजवायच्या आधी अगदी तशीच रीड तोंडात धरली, तशीच उजेडाला धरली, फक्त त्याच्या पायाशी अख्खी डबी होती.

बसू देतील का, तर सरळ सांगते, तिथे नोटेशन वाचता येणं लागतंच, सगळं समोरच्या कागदावरून वाजतं. त्या ऑर्केस्ट्रात आज बरेच वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून येतात कारण आपल्याकडे लहानपणापासून शिकवणारी सोय फार कमी, म्हणून त्यांनी मुलांसाठी अकादमीही काढलीय. तू १९ चा आहेस, सूर तुझ्या ओठांत वडिलांकडून आलाय, नोटेशन शिकायला बस, रोज अर्धा तास. आणि बॅण्डची सुपारी सोडू नकोस, त्याच्यावरच घर चालतंय आणि हातही.

कपडे काय घालायचे? टाळ्या कधी वाजवायच्या? सात वर्षांच्या मुलीला नेऊ का? — गृहिणी, चाळीसगाव

ताई, साडी, ड्रेस, काहीही, स्वच्छ असलं की झालं. सिंफनीचे बहुतेक वेळा चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत, कंडक्टर हात खाली घेऊन आपल्याकडे वळला की वाजवायच्या. चुकून वाजली तर वाजली. मुलीला नेण्याआधी बुकिंगच्या वेळी वयाची अट विचारून घ्या, आणि जागा मिळाली तर मागचा ढोलवाला दिसेल अशी घ्या. तो मध्येच वाकून ढोलाला कान लावतो आणि बोटाने हळूच टिचकी मारून सूर तपासतो, बाकीचे वाजवत असतानाच, लहान मुलांना ते बघायला फार मजा येते.

कापसाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही साहेबांच्या वाजंत्रीचं कौतुक करताय. आपलं खान्देशी लोकगायन, वहीगायन, संपत चाललंय ते दिसत नाही का? — शेतकरी, शहादा

दिसतं आप्पा, आणि राग आला म्हणून तुम्ही लिहिलं ते बरं केलं. कापसाच्या भावाचं उत्तर माझ्याकडे नाही आणि संगीताने ते दुःख झाकावं असंही मी म्हणणार नाही. पण वहीगायन संपतंय ते सिंफनीमुळे नाही संपत, ते संपतंय कारण रात्रभर गाणाऱ्या माणसाला सकाळी चहा पाजून मोकळं करतो आपण. मी त्या लोकांकडून एकच गोष्ट उचलायला सांगतेय, वाजवणाऱ्याचं वर्ष कसं निघेल याची काळजी ऐकणाऱ्याने करायची.

आणि ही काळजी आपल्याला परकी नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तत्त्वज्ञानासारख्या कवडीचा नफा नसलेल्या विषयाला! जळगावला वसंतराव चांदोरकर प्रतिष्ठान दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव करतं, थंडीत शाल गुंडाळून लोक ऐकायला येतात, ते काही आपोआप होत नाही. गावोगावचा सप्ताह घराघरातल्या वर्गणीवर चालतोच ना. फक्त त्या वर्गणीच्या वहीत एक ओळ गायकासाठी, वर्षभराची, असं कोणी लिहीत नाही. तुमच्या गावात वही गाणारे कोण उरलेत ते मला कळवा, पुढचा कॉलम त्यांच्यावर करू.

मी रेल्वेतून रिटायर झालो. वर्षाला पाच हजार बाजूला काढू शकतो. एवढ्याशा रकमेत कोणी आश्रयदाता होतं का? — भुसावळ

होतं काका. तुम्ही रेल्वेतले म्हणून रेल्वेचीच गोष्ट सांगते. रशियात नादेज्दा फॉन मेक नावाची बाई होती, नवरा रेल्वेमार्ग बांधायचा, तो वारल्यावर तिने चायकोव्हस्की या संगीतकाराला वर्षाला ६,००० रुबल द्यायला सुरुवात केली, साधारण १३ वर्षं, १८९० पर्यंत. अट एकच, भेटायचं नाही. हजारावर पत्रं लिहिली एकमेकांना, एकदा चुकून रस्त्यात समोरासमोर आले तर न बोलता निघून गेले. त्या पैशामुळे त्याने मॉस्कोची शिकवायची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लिहायला बसला, चौथी सिंफनी त्याने तिलाच अर्पण केली. रक्कम मोठी होतीच, पण त्याला खरा धीर कशाचा होता तर पुढच्या वर्षीही पैसे येतील याचा.

म्हणून तुमचे पाच हजार एकदाच देऊ नका, दरवर्षी द्या आणि त्याच महिन्यात द्या. थोडे मुंबईच्या सीझनच्या तिकिटाला ठेवा, स्वतः जाऊन ऐका, भुसावळहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी सीएसएमटी, हे तुम्हाला मी काय सांगणार. थोडे इथल्या महोत्सवाला, पावती घेऊन. आणि उरलेल्यातून, काका, वर पारोळ्याच्या मुलाचा प्रश्न वाचलात ना? क्लॅरिनेटच्या रीड डबीत साधारण दहा येतात. त्याचा पत्ता मी छापू शकत नाही, पण तो हो म्हणाला की तुम्हा दोघांची गाठ घालून देते, दर तुळशीच्या लग्नाला, सराई सुरू व्हायच्या आत, एक डबी त्या घरी पोचली पाहिजे.