अश्वगंधा: चमचा केवढा, वेळ कोणती?

प्रश्न: वय ४२. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कामाला आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. अंगात त्राण नसतं, डोक्याला ताण. महिनाभर सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आणि पाठोपाठ दुधातून भाजीचा चमचाभर अश्वगंधा चूर्ण घेतोय. दोन-तीनदा पातळ होतं, कामावर डोळे मिटतात. दुसऱ्या कंपनीचं चूर्ण आणू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: कंपनी बदलून काही होणार नाही. मुळीच्या चूर्णाचं दिवसाचं प्रमाण ३ ते ६ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा तीनेक ग्रॅमचा. भाजीचा शिगोशीग भरला की सहाच्या पार जातो. एवढं जड चूर्ण रिकाम्या पोटाला सोसत नाही, म्हणून जुलाब. शिवाय अश्वगंधा म्हणजे चहा नव्हे, की प्यायली आणि तरतरी आली. तिचा कल झोपेकडे. भट्टीसमोर डुलकी लागणं परवडायचं नाही.

खरा घोळ गोळीपाशी आहे. गोळीमागोमाग दूध घेतलं की दुधातलं कॅल्शियम ती नीट शोषू देत नाही. तुमचा थकवा कदाचित तिथूनच असेल. उलट अश्वगंधेने थायरॉईडचं संप्रेरक वाढू शकतं, मग धडधड, हाताला थरथर. म्हणून चूर्ण आजच थांबवा. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्ता तासाभराने. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डॉक्टरांना चूर्णाचं सांगून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या.

त्यांनी हो म्हटलं तरच पुन्हा सुरुवात, तीही चहाच्या अर्ध्या सपाट चमच्याने. अर्धा कप दूध, अर्धा कप पाणी, त्यात चूर्ण. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतं. गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधात कच्चं ढवळून पिऊ नका. जेवणानंतर, झोपण्याआधी तासभर घ्यायचं. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी आल्यावर, पण गोळीपासून चार तास राखून. पोट बरं राहिलं तर पंधरवड्यानंतर रोज चहाचा एक सपाट चमचा. गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, तेवढ्यावर थांबून पुन्हा विचारा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर लगेच बंद आणि यकृताची तपासणी. झोपेची, साखरेची किंवा बीपीची गोळी असेल तर विचारल्याशिवाय नको. गरोदरपणी तर नकोच.

कॅप्सूल घ्यायची तर लेबलवर ‘मूळ’ लिहिलंय का बघा, पानांचा अर्क नको. चूर्ण घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आपल्याकडच्या पावसात त्याचे गठ्ठे होतात. कुबट वास आला तर उन्हात वाळवत बसू नका, टाकून द्या.