नील आर्मस्ट्राँगचं आडनाव मुळात कुठलं? त्या लोकांचा काही इतिहास आहे का?

आहे ना, आणि जबरदस्त आहे! आर्मस्ट्राँग मंडळी मूळची इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची, लिडसडेल आणि एस्कडेल खोऱ्यांतली. धंदा म्हणाल तर गुरं पळवणं. दोन्हीकडच्या फौजा पिढ्यान्‌पिढ्या याच पट्ट्यातून जायच्या, उभी पिकं जाळायच्या, मग शेती करून हाती काय लागणार, म्हणून हिवाळ्यातल्या लांब रात्री घोडे काढायचे आणि पलीकडची गुरं हाकून आणायची. राजा लांब, कायदा त्याहून लांब, त्यामुळे अडीनडीला धावून येणार कोण तर आपल्या आडनावाचे लोक.

1525 मध्ये ग्लासगोच्या आर्चबिशपने सीमेवरच्या या सगळ्या लुटारूंना शाप दिला, तोही साधासुधा नाही, डोकं, डोक्यावरचे केस, डोळे, नाक, जीभ, दात असं एकेक नाव घेऊन, शिवाय बायकापोरं, गुरं, नांगर, अगदी कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

1530 मध्ये स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स स्वतः आला आणि गिलनॉकीच्या जॉनी आर्मस्ट्राँगला माणसांसकट फासावर चढवलं. तो राजाला भेटायला म्हणून आला होता असं सांगतात, मला तर हा सरळसरळ दगाच वाटतो. 1596 मध्ये किनमाँट विली आर्मस्ट्राँगला इंग्रजांनी युद्धविरामाच्या दिवशी पकडून कार्लाइलच्या किल्ल्यात टाकलं, तर स्कॉटिश सरदार बक्लू रात्रीत माणसं घेऊन आला आणि त्याला सोडवून नेलं. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ प्रचंड भडकली होती!

1603 ला दोन्ही देशांचा राजा एकच झाला आणि ह्यांचे दिवस भरले. फाशी, हद्दपारी, बरेच जण उत्तर आयर्लंडला गेले, फर्मॅना भागात हे आडनाव आजही भरपूर.

पुढे न्यूकॅसलचा विल्यम आर्मस्ट्राँग, तोफा आणि हायड्रॉलिक क्रेनवाला, त्याने आपल्या क्रॅगसाइड बंगल्यात पाण्यावर वीज करून दिवे लावले, ते 19व्या शतकात.

आणि नील स्वतः 1972 मध्ये एस्कडेलमधल्या लँगहोम गावी आला होता, गावाने त्याला मानद नागरिक केलं. तेव्हा आर्मस्ट्राँग दिसला की फाशी द्या असा जुना कायदा त्याच्यासमोर वाचून दाखवला होता म्हणे.

तिकडे गेलात तर कार्लाइलहून लँगहोमच्या रस्त्यावर कॅनॉन्बीच्या पुढे गिलनॉकीचा बुरूज लागतो, जाड भिंतींचा, अजून उभा आहे. तो चुकवू नका.