हजार मुंबईकरांना विचारून पालिका आयुक्तांची लोकप्रियता कळते का?

कळते, पण माणसं कशी निवडली यावर सगळं आहे. निवड खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली असेल तर 1,000 जणांच्या उत्तरात चूक साधारण 3 टक्के इकडेतिकडे; शहर सव्वा कोटीचं असलं तरी त्यानं फरक पडत नाही. मोबाइलवर लिंक फिरवून मिळवलेला कौल मात्र मी धरतच नाही. 2011 च्या जनगणनेत 40 टक्क्यांच्या आसपास मुंबईकर झोपडपट्टीत होते. गोवंडीत दिवसभर घरकामाला जाणारी बाई त्या लिंकवर कुठून येणार? आणि हजार जणांवरून प्रभागवार क्रमवारी लावली असेल तर ती सोडून द्या, 227 प्रभागांत प्रत्येकी चार-पाच माणसं येतात.

मला जास्त खटकतो तो प्रश्न. अमेरिकेत गॅलप ही मतचाचणी संस्था 1930 च्या दशकापासून राष्ट्राध्यक्षांचं काम पसंत आहे का, हे विचारतं. तो माणूस सगळ्यांना ठाऊक असतो. आपले आयुक्त राज्य सरकार नेमतं, अनेकांना नावही माहीत नसतं. मग एमएमआरडीए या पालिकेबाहेरच्या सरकारी संस्थेच्या मेट्रोकामानं रस्ता अडला तरी राग आयुक्तांवरच. म्हणून आधी 'आयुक्त कोण, माहीत आहे का?' विचारावं आणि 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांचा आकडा वेगळा छापावा.