टोमॅटोवरच्या पतंगाचं नाव लिहिण्याआधी

कोरेगावच्या प्लॉटमधला तुझा पतंग पाहिला. जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा, करडा, पंखांवर काळे ठिपके. एवढ्यावर ट्यूटा अ‍ॅब्सोल्यूटा हे नाव ठरवू नकोस, असे दिसणारे बरेच आहेत. आधी पान तोड आणि उन्हासमोर धर. नागअळीची (पान आतून पोखरणाऱ्या माशीच्या अळीची) रेघ बारीक, वेडीवाकडी असते. ट्यूटाच्या अळीचा पापुद्र्यासारखा रुंद चट्टा दिसेल, आत काळी विष्ठा, आणि नशीब असेल तर हिरवट अळी हलताना सापडेल. हे बघायला मला आजही फार आवडतं.

आता नाव. मेरिक या कीटकशास्त्रज्ञाने १९१७ साली पेरूतल्या नमुन्यावरून याचं वर्णन केलं ते फ्थोरिमिया या प्रजातीत (जीनसमध्ये). पुढे ते ट्यूटा अ‍ॅब्सोल्यूटा झालं, आणि २०२१ मध्ये पुन्हा फ्थोरिमियात आलं. पहिल्या वर्णनातली प्रजाती बदलली असेल तरच वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात जातं. म्हणून ट्यूटा लिहिलंस तर मेरिकचं नाव कंसात घाल, फ्थोरिमिया लिहिलंस तर कंस नको. नवखे इथेच चुकतात.

मूळचा दक्षिण अमेरिकेतला. २००६ मध्ये स्पेनला, २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्रात सापडला. त्यामुळे नोंदीत गाव, तारीख आणि पीक लिहिल्याशिवाय वही मिटू नकोस. पान कागदात दाबून ठेव, पुढच्या वेळी घेऊन ये.